रकाना : इतर

महापेच्या सातव्या मजल्यावर, एसीत शाल गुंडाळून,
मी देशाचा आलेख काढते आहे.
आडव्या रेषेवर सालं, उभ्या रेषेवर टक्के.
पाणी निळं, वारा पोपटी,
ऊन पिवळं. साहेब म्हणाले, जरा भडक पिवळं घ्या,
बघणाऱ्याला उमेद वाटली पाहिजे.

रेषा सुरुवातीला उंच आहे. मग घसरत जाते
दशकामागून दशक, कोळशाच्या वजनाने,
आणि अगदी उजव्या कडेला, कागद संपता संपता
मान वर काढते.

"सुरुवातीला एवढी उंच कशी?" नव्या मुलीने विचारलं, रेवतीने.
धरणं, मी म्हटलं.
दुसरं होतंच काय तेव्हा मोजायला.

बोलून गेले
आणि जीभ खारट झाली.

तेव्हा करावे गावाखालच्या खाजणात
माझा बाप, हिराजी धर्मा भोईर,
अनवाणी चिखल तुडवत होता
कुंडीचा तळ ताटासारखा होईपर्यंत.
उधाणाला उघाडी उचलायची, खाडी आत घ्यायची,
भांगाला दार लावायचं.
पुढचं काम उन्हाचं.
सकाळी मतलई, दुपारी खारा वारा,
दोघे पाळी बदलून कामावर.
बाप बांधावर बसून विडी शिलगवायचा :
"आपला मालक वर हाय. हजेरी लावतो, पगार मागत नाय."
पंधरवड्याने पाण्यावर साय धरायची,
बोटाला टोचणारी.

किती युनिट झाले असतील ते?
एका कुंडीने प्यायलेलं ऊन
कुणी लिहून ठेवलं?
मुकादमाच्या वहीत फक्त गोणी होत्या,
त्याही दोन-दोन कमी.

घरात चिमणी होती, रॉकेलची.
खाडीपलीकडे, ट्रॉम्बेला, दुसरी चिमणी,
आम्हा पोरांना वाटायचं, हिची थोरली बहीण.
थोरलीच्या धुरातून एक दिवस तार आली गावात
आणि धाकटी विझली.
त्या रात्री आई, चाळीसच्या बल्बखाली भाकरी थापताना,
मध्येच थांबून
स्वतःचे हात बघत बसली.
मी कोळशाला शिव्या देणार नाही.
त्याच्याच उजेडात अपूर्णांक शिकले.

टक्केवारी शिकले ती नंतर, भराव पडला तेव्हा.
ज्यांची शेतं गेली त्यांना साडेबारा टक्के,
तेही चपला झिजवल्यावर.
ज्यांच्याकडे नुसते पायच होते
त्यांच्या पायांचा दर
कुठल्याच कागदावर निघाला नाही.

आता त्याच भरावावर आमची सोसायटी,
गच्चीवर अठ्ठेचाळीस पॅनेल.
मार्चपासून युनिट घटले म्हणून कंपनीचा पोरगा आला,
चष्मा पुसत म्हणाला, "मॅडम, खाडीचा वारा आहे ना,
काचेवर मिठाचा थर बसतो.
पंधरा दिवसांनी धुवायला लागेल."

काल रविवार. माझी पाळी.
मी बादली घेतली, बाप मागोमाग आला,
ब्याऐंशी वर्षांचा, लिफ्टमधून उतरताना भिंतीला हात लावत.
पॅनेलपाशी वाकला. पांढुरक्या काचेवरून
बोट फिरवलं, जिभेला लावलं,
डोळे मिटून चव घेतली.
"कच्चा हाय," म्हणाला.
"आजून चार दीस ठेवाचा व्हता."

मग त्यानेच फडका ओढून घेतला.
मी पाणी ओतत राहिले.
खाली जिन्याजवळच्या मीटरचे आकडे
आमच्याकडे न बघता पुढे सरकत होते.

आज सोमवार. तक्त्यात अगदी डावीकडे,
जुन्या सालांसमोर, 'इतर'च्या रकान्यात
कुणीतरी ओळीने शून्यं भरून ठेवलीत.
मी एकेक खोडते. जागा कोरी ठेवते.
शून्य म्हणजे काही नव्हतं;
कोरं म्हणजे कुणी विचारलं नव्हतं.

रेवती खुर्ची सरकवून वाकून बघेल,
म्हणेल, इथला आकडा राहिला का, मॅडम?
राहिला, म्हणेन.